अधोलीभर चिंचोके

यशवंतरावांना घाई झाली होती. म्हैस विकायची घाई, मळ्याची कागदपत्रं मुलाच्या नावावर करायची घाई, पुढ्यात ताट आलं की ते संपवून उठायची घाई. बायको गेल्यापासून हा माणूस एसटीची वाट बघत उभा असल्यासारखा जगत होता, पिशवी हातात आणि नजर रस्त्यावर. घाई नव्हती ती फक्त एका गोष्टीची, गुडघ्याच्या ऑपरेशनची.

"किती दिस राहिलेत आता?" ते म्हणत. "तेवढ्यापायी कापाकापी कशाला?"

त्यांची सून उत्कर्षा हे ऐकून ऐकून विटली होती. ती हिंजवडीतल्या एका कंपनीत सॉफ्टवेअर तपासायचं काम करायची. चुका हुडकणं हाच तिचा पोटापाण्याचा धंदा, आणि सासऱ्यांच्या या बोलण्यातली चूक तिला लख्ख दिसत होती. ती त्यांना दाखवायची कशी, एवढंच तिला कळत नव्हतं. डॉक्टरांनी तर स्वच्छ सांगितलं होतं. काळीज बैलाचं आहे, साखर नाही, रक्तदाब नाही. उजव्या गुडघ्यात मात्र हाडावर हाड घासतंय. दिवाळीच्या आत वाटी बदलली तर आप्पा पुन्हा मळ्यापर्यंत चालत जातील. त्याच्या पुढं गेलं तर मांडी इतकी सुकेल की मीच नको म्हणेन, मग खुर्ची ती खुर्चीच.

उत्कर्षाचा नवरा शेखर चाकणला नोकरीला होता. तो बापाशी या विषयावर एकदा बोलला, एकदा भांडला आणि मग शिफ्टचं कारण सांगून बाजूला झाला. घरोघरी मुलगे असेच असतात, त्यात नवल नाही.

मारुंजीतलं त्यांचं घर तसं मोठं. वरच्या दोन मजल्यांवर आयटीतल्या पोरांना खोल्या दिलेल्या, खाली हे तिघं. यशवंतराव दिवसभर पुढच्या व्हरांड्यात प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून तुंबलेली वाहनं बघत. दर शनिवारी दुपारी इनायतभाई यायचे. हिंजवडी रस्त्याला त्यांचं दुचाकी दुरुस्तीचं गॅरेज होतं, आता मुलगा बघायचा. पूर्वी हे दोघं आणि यशवंतरावांची बायको शालनबाई असे तिघं मिळून शनिवारी तीनपत्ती खेळत. खेळ चिंचोक्यांवर, कारण पैसा लागला की पत्ता मला हराम, असं इनायतभाईंनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं. मळ्यातल्या चिंचेचे चिंचोके शालनबाई दरसाल धुऊन, वाळवून एका पत्र्याच्या डब्यात भरायच्या. त्या गेल्या आणि डबा फडताळात गेला. दोघंही मुकाट्यानं चहा पीत आणि मुकाट्यानं रस्ता बघत.

एका शनिवारी उत्कर्षा तोच डबा घेऊन व्हरांड्यात आली.

"मी बसू का तिसरी?"

यशवंतरावांनी डब्याकडं पाहिलं आणि मान फिरवली. रागावले की काय, तिला कळेना. शेवटी इनायतभाई म्हणाले, "बस बेटी. भाभी डब्बा भरायची ती खेळायसाठीच. कुलपात ठेवायसाठी नव्हे."

उत्कर्षाला तीनपत्ती येत नव्हती. तिला पोकर यायचं. ऑफिसातली मंडळी जेवणाच्या सुट्टीत प्लास्टिकच्या चकत्या लावून खेळायची, तिथं ती पक्की झाली होती. तिनं समजावलं: हातात दोनच पत्ते, टेबलावर सगळ्यांचे मिळून पाच, त्यातून ज्याचे त्याने पाच जुळवायचे. चाल तीच, पत्ते टाकायचे तर पॅक तेच.

"आणि चिंचोके भरपूर घ्यायचे," ती म्हणाली. "मूठभर घेऊन मजा नाही. संपले तरी पुन्हा भरून बसता येतं."

यशवंतरावांनी धान्य मोजायची अधोली मागवली. प्रत्येकापुढं एकेक शिगोशीग अधोली रिती झाली. ढीग बघून म्हाताऱ्याला जरा चेव आला असावा, कारण उत्कर्षानं सवयीनं गुडघ्याचा विषय काढताच ते उसळून म्हणाले, "ऐक. एका बैठकीत माझा हा ढीग शेवटच्या चिंचोक्यापातुर जिंकून दाखव. मी आपणहून त्या डॉक्टरच्या टेबलावर चढून झोपतो. तोवर गुडघ्याचं नाव काढायचं न्हाई."

"मी गवाह," इनायतभाई म्हणाले.

आणि गंमत बघा, पहिल्याच डावात उत्कर्षावर तो ढीग जिंकायची वेळ आली. यशवंतरावांकडं नव्वी-अठ्ठी होती, टेबलावर पंजी, छक्की, सत्ती लागली. म्हाताऱ्यानं खुर्चीतून अर्धं उठून सगळा ढीग पुढं लोटला. उत्कर्षाकडं पाच इस्पिक जमले होते. तिनंही लोटला.

"सीक्वेन्स!" यशवंतरावांनी पत्ते आपटले. तिचे पत्ते बघून ते हसले. "निस्ता कलर?" म्हणून दोन्ही हातांनी ढीग ओढायला लागले. इनायतभाईही मान डोलावत होते. दोघांचा जन्म तीनपत्तीत गेलेला, आणि तीनपत्तीत सीक्वेन्सपुढं कलर नुसता पाणी भरतो.

"आप्पा," उत्कर्षा हळूच म्हणाली, "पोकरमध्ये उलटं असतं. कलर मोठा."

दारात उभा असलेला शेखर मोठ्यानं हसला. "जिंकलीस की! लावू का डॉक्टरांना फोन?"

यशवंतरावांचे हात ढिगावरच थांबले. त्यांचा चेहरा उत्कर्षाला बघवेना. फसवलं गेलेल्या माणसाचा चेहरा होता तो.

"हा डाव धरायचा नाही," ती म्हणाली. "मी सांगितलंच नव्हतं, चूक माझी."

स्वयंपाकघरात शेखरनं तिला गाठलं. "हातातोंडाशी आलेला घास घालवलास तू."

"फसवून नेलं तर ते जातील, पण पुढं सहा महिने व्यायाम कोण करणार, तू? पाय त्यांना स्वतःला उचलायचाय. आणि त्यासाठी मनातून यायला हवं." तिनं गॅस बारीक केला. "करीन मी. सरळ खेळून जिंकीन."

वाटलं तितकं ते सोपं नव्हतं. यशवंतराव खेळायचे अगदी वाईट. एक्का दिसला की उडी. जोडीला दुर्री असो नाही तर सत्ती, एक्का म्हणजे एक्का. इनायतभाई चिडवायचे, "उतावळा नवरा आणि गुडघ्याला बाशिंग! तुझा तर गुडघापण धड नाही, यशवंता." ढीग झरझर उतरायचा, पण तळाला आला की म्हातारा कंबरेला हात लावून उठायचा, "चला, चहाची येळ झाली." या खेळात कधीही उठायची मुभा आहे, हे उत्कर्षानंच शिकवलं होतं, मग बोलणार काय? पुढच्या शनिवारी पुन्हा शिगोशीग अधोली.

असं दोन-तीनदा झाल्यावर एकदा त्यांनी विचारलं, "पत्ते तर मला तुझ्यापेक्षा चांगले येत्यात. मग मी हरतो का?"

इथं उत्कर्षानं गप्प बसायला हवं होतं. समोरचा असाच खेळत राहिला तर एखाद्या शनिवारी तो चहाच्या आधीच संपणार, हे तिला कळत होतं. पण चूक दिसल्यावर सांगितल्याशिवाय तिला राहवत नसे. खोडच ती.

"आप्पा, तुम्ही मूठभर चिंचोके असल्यासारखे खेळता. मूठभरच असतील तर एक्का-राजा आला की सगळे लावावेत, ते बरोबर. तेवढ्यात काय तो निकाल. पण तुमच्यापुढं अधोलीभर आहेत. इतका ढीग असला की हातात आलेल्या पत्त्यांची किंमतच बदलते."

"कशी?"

"एक्का आणि दुसऱ्या रंगाची दश्शी. दिसायला भारी. जमलं तर एक जोडी जमणार, आणि एका जोडीवर कुणी अधोली लावत नाही. लावली आणि समोरचाही हटला नाही, तर समजायचं की त्याच्याकडं याहून मोठं आहे. आता उलट, दोन तिर्र्या घ्या. किंवा बदामाची सत्ती-अठ्ठी. दिसायला किरकोळ. दहा वेळा टाकून द्यावे लागतील. पण थोडे चिंचोके घालून थांबलं आणि एकदा का जमलं, तर असं जमतं की समोरच्याला दिसतही नाही. थांबायला जवळ काही असेल तरच हे परवडतं."

यशवंतरावांनी दोन चिंचोके जवळजवळ ठेवले. "म्हंजी मोठ्या घरची दोन, पण एकमेकाला न पुसणारी, त्यापरीस एका आळीतले दोन गरीब शेजारी बरे."

"अगदी!"

"पण दम पायजे."

"दम पाहिजे. आणि शक्यतो शेवटी बोलायचं. आधी बाकीचे काय करतात ते बघून."

"ते शालनचं काम व्हतं," ते म्हणाले. "ती कवाबी शेवटी बोलायची."

त्या दिवशी घरात पहिल्यांदाच त्यांनी आपणहून शालनबाईंचं नाव घेतलं.

मग म्हातारा बदलत गेला. कंपनीच्या कॅबमधून उत्कर्षा उतरली की व्हरांड्यातूनच हाक यायची, "समज, किलवरची नव्वी-दश्शी हाय, दोघं पुढं चाल करून बसल्यात. काय करू?" चप्पल काढता काढता ती उत्तर द्यायची. वरच्या खोलीतल्या पोरांना थांबवून ते एक्क्याचे तोटे सांगत. एक भाकरी खाणारा माणूस दुसरीचा तुकडा मागू लागला. मळ्याच्या कागदांवर सह्या करायला वकील आला तर म्हणाले, "ऱ्हाऊ दे, बघू सवडीनं." एकदा इनायतभाईंना सीक्वेन्स लागली आणि ते ढिगाला हात घालणार तोच यशवंतरावांनी त्यांचं मनगट धरलं. "थांब. पोरीकडं कलर हाय. कलर मोठा. ही तीनपत्ती न्हवं, किती बारी सांगायचं तुला?"

उत्कर्षा त्या दिवशी खूप हसली, आणि आत गेल्यावर तिच्या लक्षात आलं. बसली होती तीच फांदी ती स्वतः तोडत होती. सासरा जितका चांगला खेळणार तितका त्याचा ढीग सुरक्षित, आणि ढीग सुरक्षित तर गुडघा गेला. पण त्यांना वाईट खेळायला सांगायचं? आत्ता कुठे माणूस खुर्चीत सरळ बसायला लागला होता. तिला तो आनंद मोडवेना आणि दिवाळी तर जवळ येत होती.

नवरात्र संपल्यावरच्या शनिवारी तिला संधी आली. हातात दोन तिर्र्या, टेबलावर तिसरी. यशवंतरावांकडं काय आहे हे त्यांच्या चालीवरून कळत होतं: एक्क्यांची जोडी. पूर्वीचे आप्पा असते तर खुर्चीतून उठून सगळं लोटलं असतं. तिनं मोठी चाल केली.

यशवंतरावांनी पत्ते पाहिले, तिच्याकडं पाहिलं, आणि दोन्ही एक्के उघडे करून टेबलावर ठेवले. "पॅक. एका जोडीपायी अधोली? न्हाई."

"या अल्ला," इनायतभाई म्हणाले. "दोन एक्के टाकले ह्यानं!"

"हिचा पत्ता जमला की ही चष्मा वर सारती," यशवंतराव शांतपणे म्हणाले. "दोन महिनं बघतोय."

उत्कर्षाचं बोट अजून चष्म्यावरच होतं. तिचा संयम तिथं सुटला.

"पत्त्यांत एवढा दम धरता! दोन एक्के टाकता! आणि स्वतःच्या पायाचं म्हटलं की किती दिस राहिलेत, किती दिस राहिलेत. कोणी सांगितलं तुम्हाला की मूठभरच राहिलेत? डॉक्टर म्हणतात काळीज बैलाचं आहे. ढीग आहे तुमच्यापुढं, आप्पा, आणि तुम्ही तो बघतसुद्धा नाही!"

इनायतभाईंनी मान खाली घातली. ते हळूच म्हणाले, "शॉकअप गेले म्हणून गाडी भंगारात कोण घालतं, यशवंता? शॉकअप बदलतात. मी जन्मभर तेच केलं."

यशवंतराव हातातला चिंचोका बोटांनी फिरवत राहिले.

"शालन चालत गेली व्हती दवाखान्यात," ते म्हणाले. "आठवतंय तुला? पायरी उतरताना मला म्हणली, दूध तापवून ठिवा, येतेच. म्या तापवून ठिवलं." त्यांनी चिंचोका ढिगावर ठेवला. "मरायची भीती न्हाई गं मला. पन त्या दारातून आत जायचं म्हणलं की पाय उचलत न्हाई. गुडघ्यानं न्हवं."

उत्कर्षाला रडू आवरलं नाही. तिला इतके दिवस वाटत होतं की हा हट्ट आहे. ही भीती होती, आणि घरातल्या एकालाही ती दिसली नव्हती. ती उठून त्यांच्या खुर्चीशेजारी खाली बसली.

"मी येईन ना बरोबर. दारातून आत, आणि दारातून बाहेर. दूधही मीच तापवीन."

त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि मग चहाची वेळ झाली.

त्यानंतर तिनं गुडघ्याचं नाव काढलं नाही. दिवाळीच्या आधीचा शेवटचा शनिवार आला. व्हरांड्यात आकाशकंदील लागला होता, आतून चकलीचा वास येत होता. अधोल्या रित्या झाल्या. आज ते संपणार नाहीत हे तिला माहीत होतं. हल्ली ते तिच्याइतकेच चांगले खेळत. खेळता खेळता इनायतभाईंचे निम्मे चिंचोके तिच्याकडं आले, एवढंच.

मग तिला बदामाचा एक्का आणि बदामाची छक्की आली. टेबलावर किलवरची अठ्ठी, बदामाचा गुलाम, बदामाची राणी. यशवंतरावांनी चाल केली, तिनं बरोबरी केली. चौथा पत्ता बदामाची दुर्री. एक्क्याचा कलर जमला. पाचवी किलवरची चौकी, निरुपद्रवी. आता तिच्या हातावर टेबलावरचं काहीच चढत नव्हतं.

तिनं दोन्ही हात मांडीवर घट्ट धरून ठेवले. चष्मा घसरत नाकाच्या शेंड्यावर आला, तरी तिनं हात लावला नाही. मग बरेच चिंचोके पुढं सारायला तिनं उजवा हात वर घेतला, आणि परत येता येता तो आपला सवयीनं चष्म्याकडं गेलाच. गेला डाव, तिच्या मनात आलं. आता पॅक म्हणतील.

यशवंतरावांनी ते पाहिलं. तिनंही पाहिलं की त्यांनी पाहिलं. त्यांनी आपले दोन पत्ते एकदा उचलून बघितले. रस्त्याकडं बघितलं, डब्याकडं बघितलं. मग दोन्ही तळवे ढिगाच्या मागं लावून त्यांनी तो सगळाच्या सगळा हळूहळू पुढं लोटला. काही चिंचोके फरशीवर घरंगळले.

"सगळे?" तिनं विचारलं.

"सगळे."

तिला लोटावेच लागले. यशवंतरावांनी इस्पिकची दश्शी आणि चौकटची नव्वी टेबलावर ठेवली. अठ्ठी, नव्वी, दश्शी, गुलाम, राणी.

"सीक्वेन्स!" ते म्हणाले.

इनायतभाईंनी तोंड उघडलं. "अरे यशवंता, तूच तर मला..." यशवंतरावांनी त्यांच्याकडं पाहिलं मात्र, इनायतभाईंना एकदम चहा आठवला आणि त्यांनी रिकामा कप तोंडाला लावला.

उत्कर्षानं आपले बदाम उघडे केले.

"हात्तिच्या," यशवंतराव म्हणाले. "कलर मोठा, न्हाई का? इसरलोच की."

"आप्पा, तुम्ही विसरला नाही." तिला समोरचं धूसर दिसत होतं. "तुम्ही बघितलंत मला. हा डाव धरायचा नाही."

"धरायचा," ते म्हणाले. "तवा तू सांगितलं नव्हतंस. आता सांगितलंय."

शेखर दारात येऊन उभा होता. या वेळी तो हसला नाही. तो आत आला आणि फरशीवर सांडलेले चिंचोके वेचायला बापाच्या पायांशी बसला.

"शेखर, त्या डॉक्टरला फोन लाव," यशवंतराव म्हणाले. मग सुनेकडं वळून त्यांनी विचारलं, "ह्या खेळात ढीग संपला तरी पुन्यांदा भरून बसता येतं, म्हणली व्हतीस न्हवं?"

"हो. कितीही वेळा."

"मग झालं तर." त्यांनी पत्र्याचा डबा तिच्यापुढं सरकवला. "नीट भरून ठिव. झाकण घट्ट लाव. मला परत येऊन खेळायचंय."